खोटी कावीळ

परवा मुकुंदवाडीच्या चौकात हुरड्याची हातगाडी लागली. गाडीवर कोवळ्या हिरव्या दाण्यांच्या पिशव्या, शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या आणि एका घमेल्यात निखारे. तो माणूस ओरडत नाही, बोलावत नाही. अधूनमधून ज्वारीचं एखादं कणीस निखाऱ्यात खुपसतो आणि गप्प बसतो. बाकीचं काम वास करतो. मी वर्कशॉप सुटल्यावर सायकलवरून येत होतो. वास आला आणि माझे पाय पॅडलवर थांबले.

हुरड्याच्या वासानं लोकांना गाव आठवतं. मलाही आठवतं, पण त्याआधी जिभेच्या मुळाशी पाणी सुटतं आणि डोकं म्हणतं, आता फक्त एक क्वार्टर पाहिजे. दारू सोडून चार वर्षं झाली. जिभेला हे अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. आमच्याकडे हुरडा आणि बाटली इतकी वर्षं एका पंगतीला बसलीत की एक दिसलं की दुसरं कुठाय म्हणून शोधाशोध सुरू होते.

सायकलवरून उतरलो. खिशातले फुटाणे मूठभर तोंडात टाकले आणि गाडीसमोरून चालत गेलो. पळालो नाही. पहिल्या हिवाळ्यात पळालो असतो.

त्या हिवाळ्याची एकेक गोष्ट अजून अंगावर आहे. दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढून मी दिवाळीनंतर बाहेर पडलो. खोलीचं कुलूप उघडलं तर आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त माणसं नव्हती. सुनंदा, माझी बायको, लेकीला घेऊन जालन्याला माहेरी गेली होती. मी तिसऱ्यांदा शब्द मोडला तेव्हा ती भांडली नाही. भांडली असती तर मला जरा तरी आशा वाटली असती. जाताना तिनं पिठाचा डबा काठोकाठ भरून ठेवला होता. मी आलो तोवर त्यात अळ्या झाल्या होत्या. ते पीठ टाकवेना. चाळून चाळून त्याच्याच भाकरी करून आठवडाभर खाल्ल्या. भाकरी गोल होत नव्हत्या, पण बघायला तरी कोण होतं?

केंद्रात दारू सोडणं सोपं होतं, कारण तिथं ती नव्हतीच. बाहेर मात्र चिकलठाण्याच्या ज्या वर्कशॉपात मी लेथ मशीन चालवतो तिथपासून खोलीपर्यंत माझ्या ओळखीची पाच दुकानं होती. पाचही ठिकाणी माझं नाव ठाऊक. मी रस्ता बदलला. लांबच्या बोळातून, गटारीच्या कडेनं यायला लागलो. तरी साडेसहा वाजता शिफ्ट सुटली की तलफ दारात उभी. तलफ म्हणजे नुसती तहान नव्हे. हाताला काहीतरी धरायला हवं असतं, कुणीतरी ‘बस रे’ म्हणायला हवं असतं, आणि दिवसभर मशिनीच्या आवाजात आखडलेली मान कुठंतरी सैल सोडायची असते.

केंद्रातल्या मॅडमनी निघताना बजावलं होतं. पोट रिकामं ठेवू नका, राग साठवू नका, फार दमू नका, एकटे राहू नका. पहिल्या तीन गोष्टी मी जमेल तशा पाळल्या. चौथीचं काय करणार? माझे सगळे मित्र ग्लासाच्या पलीकडे बसलेले. मॅडम असंही म्हणायच्या, की तलफ म्हणजे न सांगता आलेला पाहुणा. त्याला बसा म्हणायचं नाही आणि त्याच्याशी भांडायचंही नाही. उभा राहून राहून कंटाळतो आणि जातो.

त्या पाहुण्याला घेऊन मी मुकुंदवाडी स्टेशनवर जायचो. स्टेशन लहानसं. सिमेंटचा बाक संध्याकाळी इतका गार पडायचा की पँटीतून थंडी वर चढायची. पुढची गाडी येईपर्यंत प्यायची नाही, एवढंच स्वतःला सांगायचो. गाडी उशिरा आली तर उत्तम. चार बाया पाट्या घेऊन उतरायच्या, एखादं कॉलेजचं पोरगं मोबाईलमध्ये बघत चढायचं, मग गाडीमागचा लाल दिवा लहान होत जायचा. तोवर पाहुणा थकलेला असायचा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक म्हातारा चहा आणि फुटाणे विकायचा. आठ-दहा दिवस बघून त्यानं एकदा विचारलंच.

“रोज कुनाची वाट बघता वो?”

“येणारंय एकजण,” म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मित्र वाईट नव्हते. आधी हे सांगायला हवं. सलीम माझ्या शेजारच्या लेथवर. शहागंजात राहणारा, जीव लावणारा माणूस. माझं बोट कापलं होतं तेव्हा स्वतःचा रुमाल फाडून बांधणारा तोच, आणि दर शनिवारी गेटवर खांद्यावर हात टाकून “चल ना यार” म्हणणाराही तोच. मी केंद्रात होतो हे कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याला कामाला गेलो होतो असं ठोकून दिलं होतं. दोन शनिवार मी पोट बिघडल्याचं सांगून सटकलो. तिसऱ्या शनिवारी त्यानं खांदा सोडला नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कावीळ झालीय.”

सलीमनं हात असा काढला जणू खांदा तापलेला होता. “पीलिया? अरे बाप रे. फिर तो बिलकुल नक्को, मियाँ. जान प्यारी है ना? चल, गन्ने का रस पिलाता.”

आणि खरंच पाजला. आलं-लिंबू घालून, दोन ग्लास.

खरं का सांगितलं नाही, असं आज कुणीही विचारेल. आमच्याकडे दारू सोडली म्हटलं की लोक एक तर हसतात, नाहीतर किती दिवस टिकतोय यावर पैज लावतात. कावीळ झाली म्हटलं की रस पाजतात. काविळीला इज्जत आहे. दुसऱ्या दिवसापासून अख्खं वर्कशॉप माझ्या पथ्याच्या मागं लागलं. सुपरवायझर फुटाण्याची पुडी आणून द्यायचा. कँटीनवाला माझी भाजी वेगळी, बिनतेलाची काढायचा. कुणी मुळ्याचा पाला सुचवायचं, कुणी ताक. आणि गंमत अशी, की खोट्या काविळीचं पथ्य माझ्या खऱ्या दुखण्याला लागू पडलं. दारू सुटलेलं अंग गोड मागतं. साडेसहाला उसाचा रस पोटात गेला की तलफ निम्मी व्हायची. दहा-बारा माणसं मला दारूपासून राखत होती आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मी खोलीवर येऊन एकटाच हसायचो. मग हसू ओसरायचं आणि कळायचं, की यांतल्या एकालाही मी खरा माहीत नाही. इतका एकटेपणा मला पिताना कधी वाटला नव्हता.

मुकुंदवाडीत शिंकलं तर फर्दापूरला ऐकू जातं. आठवडाभरात आक्काचा फोन. आक्का माझी थोरली बहीण. फर्दापूरच्या अलीकडच्या एका वाडीत तिला दिलेली. दाजींची तीन एकर जमीन आणि चाळीसेक मेंढरं.

“रविवारी ये,” ती म्हणाली. “हितं माळवाली म्हातारी हाय. तिची माळ घातली की कावीळ उतरती.”

“डॉक्टरची गोळी चालूय, आक्का.”

“गोळी घे की. माळ काय गोळीला आडवी येती व्हय?”

गेलो. एसटीतून उतरलो तर आक्का फाट्यावरच उभी. तिनं पिशवी घेतली नाही, कसा आहेस विचारलं नाही. अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून आत बघितलं. मेंढरं पाळणाऱ्या घरातली सवय ही. मेंढरू सुस्त दिसलं की आमचा बाप असाच पापणी ओढून बघायचा, लाल की फिक्कट. आक्कानं जरा जास्तच वेळ बघितलं. मग नुसतं “चल” म्हणाली.

म्हातारी तिच्या ओट्यावर बसून कसल्याशा वेलीच्या काडीचे नखाएवढे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवत होती. लहानशी माळ, टोपीसारखी माझ्या डोक्यावर बसवली. ही माळ दिवसागणिक वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि बेंबीच्या खाली आली की कावीळ उतरली, असं सगळा मुलूख मानतो. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. ती कुणाच्याही गळ्यात लांबेल. हे मला तेव्हाही कळत होतं.

“तेल नाय, मटन नाय, अन् दारूचं तर नाव नाय,” म्हातारी म्हणाली.

“किती दिवस?”

“माळ उतरंस्तोवर.”

“आणि उतरल्यावर?”

ती बोळक्या तोंडानं हसली. “उतरल्यावर मंग काय? मोकळा!”

तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, की काविळीला मुदत असते.

पुढचे दिवस मी ती माळ शर्टाच्या आत घालून वावरलो. रोज सकाळी आरशात बघायचो. गळ्याशी आली. चार दिवसांनी छातीच्या हाडावर. लोक रोग उतरावा म्हणून माळ घालतात. मी ती उतरू नये म्हणून देवाची विनवणी करत होतो. एका रविवारी दाराला कडी लावून बसलो, आणि सुनंदाच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन एकेक सैल गाठ पुन्हा आवळली. रोग लांबावा म्हणून धडपडणारा रोगी माझ्याशिवाय कुणी झाला नसेल. बोटं लेथवर राबलेली, जाड, दोरा बारीक. दुपार गेली. माळ चार बोटं वर आली आणि मला इतकं बरं वाटलं की मी जालन्याला फोन लावला. लेकीनं उचलला. शाळेत काय चाललंय ते तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. आई आहे का विचारल्यावर म्हणाली, “आई कामात आहे.” मागून भांड्यांचा आवाज येत नव्हता.

आवळलेल्या गाठी पुन्हा सुटल्याच. काडी सुकायची थांबत नाही.

पौषात दाजींचा फोन आला. रविवारी हुरडा आहे, चार मंडळी येणार आहेत, तूही ये. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. मॅडम तर म्हणाल्याच असत्या, जाऊ नका. पण सलग सहा रविवार मी एकट्यानं त्या खोलीत काढले होते. आक्काच्या हातचं खायचं होतं, कुणीतरी मला नावानं हाक मारायला हवी होती. दारूच्या भीतीनं मी माणसं सोडत होतो, आणि माणसं नाहीत म्हणून दारू आठवत होती. गेलो.

सकाळचं कोवळं ऊन, शेताच्या कडेला बोरीचं झाड, त्याखाली खणलेली आगटी. आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, आत गोवऱ्यांचे निखारे. लहानपणी बापानं कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली की मालक आम्हाला एक वेळचा हुरडा द्यायचा. तेव्हापासून भाजणं माझ्या हातात आहे. कणीस निखाऱ्यात सरकवायचं, देठ बाहेर ठेवून फिरवत राहायचं, दाणे तडतडले की बाहेर काढून तळहातावर चोळायचं. हात पोळतात. तसेच पोळत्या हातांनी चोळावं लागतं, गार झालं तर दाणे सुटत नाहीत. बादलीत पाण्यात बुडवून ठेवलेल्या दोन बाटल्या मी आल्या आल्या बघितल्या होत्या. म्हणून कुणी सांगायच्या आत आगटीपाशी बसलो आणि हात राखेत घातले. भाजणाऱ्याला उठता येत नाही, त्याच्या हातात कुणी ग्लास देत नाही. हा हिशेब मी एसटीतच करून आलो होतो.

तासभर तो जमला. सुपात गरम हिरवे दाणे पडत होते, गूळ, चटणी, दही, पाहुण्यांचे विनोद. मग दाजी माझ्यामागं येऊन उभे राहिले.

“माळ कुठवर आली रं, दिगू?”

“आहे अजून, दाजी.”

त्यांनी माझा शर्ट वर केला आणि मोठ्यानं ओरडले, “आरं, बेंबीखाली आली की! उतरली कावीळ!” माळ माझ्या डोक्यावरून काढून त्यांनी रिवाजाप्रमाणं बोरीच्या फांदीवर भिरकावली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी खरोखरच्या आनंदानं एक ग्लास भरला आणि आगटीच्या कडेला, माझ्या गुडघ्यापाशी, विटेवर ठेवला. “घे. लई दिस उपाशी ऱ्हायलास. काविळीचं तेरावं करू.”

ग्लास माझ्यापासून हातभर होता. निखाऱ्याच्या उबेनं त्याचा वास वर येत होता आणि हुरड्याच्या वासात मिसळत होता. तो वास वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. तो घरच्यासारखा होता. वाटलं, एक घेऊ. इथं आक्का आहे, दाजी आहेत, दिवस आहे, उजेड आहे. एकानं काय होतंय? सुनंदाला तरी कुठं कळणार? माझा राखेतला हात बाहेर आला होता. मी बघत होतो आणि तो बाहेर आला होता. पाठीला माळेचा दोरा लागत नव्हता, तिथं गार वाटत होतं. नवीन कुठला रोग सांगावा हे सुचेना. आणि सुचला असता तरी त्यालाही एक दिवस उतरायचंच होतं.

“दाजी,” मी म्हणालो, “मला कावीळ झालीच नव्हती.”

“म्हंजी?”

“मी पुण्यालाबी गेलो नव्हतो. दारू सुटंना म्हणून दोन महिने केंद्रात होतो. सुनंदा त्याच्यापायीच गेलीया. हे एक घेतलं तर मला थांबता येत नाय. उद्याबी नाय, कधीच नाय.”

एक पाहुणा हसला. बाकीचे सुपातले दाणे निवडायला लागले. दाजींचा चेहरा आधी न कळल्यासारखा, मग फसवल्यासारखा झाला. “सगळ्या वाडीला माळ माळ करीत नाचवलंस,” ते म्हणाले. “अन् आम्ही घेतो, तर मंग आम्हीबी रोगीच का?”

त्यांनी विटेवरचा ग्लास उचलून स्वतःच रिकामा केला, बादली घेतली आणि सगळे बोरीच्या पलीकडं विहिरीकडं जाऊन बसले. तिकडून मधूनच “आण रं हुरडा” अशी हाक यायची. मी भाजत राहिलो. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. थंडी वाजल्यासारखं वाटलं. आगटीपुढं बसून मी काकडत होतो.

आक्का येऊन समोर बसली. तिनं एक कणीस उचललं आणि चोळायला लागली.

“मला पयल्याच दिशी कळलं व्हतं,” ती खाली बघत म्हणाली. “पापणी लालभडक व्हती तुजी. कावीळ काय, फिकटपनाबी नव्हता.”

“मग माळ कशाला घालू दिलीस?”

“तुला कायतरी धरून ऱ्हायला पायजे व्हतं. मला दुसरं काय देता आलं आसतं?” तिनं फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले. “खा. उपाशी नगं ऱ्हाऊ.”

सोमवारी सलीमलाही सांगितलं. त्यानं मशीन बंद केलं. मग म्हणाला, “पीलिया नहीं था? तो मेरा रस वापस कर.” आम्ही दोघं हसलो. पण त्या शनिवारी तो बाकीच्यांबरोबर गेला आणि मी स्टेशनवर गेलो. त्यानंतर कुणी माझा खांदा ओढला नाही. तेच हवं होतं, तरी शनिवारी गेटवर खांदा मोकळा वाटायचा आणि ते मला आवडायचं नाही.

चार हिवाळे झाले. सुनंदा अजून जालन्यातच आहे. लेक सुट्टीत येते, माझ्या भाकरी आता गोल होतात हे तिनं मान्य केलंय. आक्का दर पौषात बोलावते. मी जातो, आगटीपाशी बसतो. दाजी बोरीच्या पलीकडं. आमचं बोलणं म्हणजे “आलास का” आणि “निघालास का”. माझ्याशिवाय भाजायला त्यांनी दुसरा माणूसही कधी ठेवला नाही, एवढं खरं.

या रविवारी सकाळी फोन वाजला. आक्काचं नाव, पण आवाज दाजींचा.

“दिगू, हुरडा आलाय. येतूस न्हवं?”

“येतो की.”

मग नुसती मेंढरांची ओरड ऐकू येत राहिली. फोन ठेवला असेल असं वाटलं, तेवढ्यात ते म्हणाले, “येताना ते फुटाणे आण. तू खातूस ते.”

“कुणाला?”

“मला.” पुन्हा मेंढरं. “कावीळ झालीया मला.”

“डॉक्टरला दाखवलं का?”

“तसली न्हाय रं,” दाजी म्हणाले. “तुला झाली व्हती तसली. कालच्यापासनं घेतली नाय. हात लई कापाय लागलेत. तुज्या आक्कानं पापणी बघितली अन् फोन हातात दिला.”

त्यांना म्हणालो, आगटी नंतर, आधी डॉक्टर. मी येतो आणि तुम्हाला घेऊन येतो, दारू अशी एकाएकी सोडायची नसते, औषध लागतं. तोवर एकटे बसू नका. माझ्या तोंडून मॅडम बोलत होत्या. “आक्का जवळ आहे ना?” विचारलं. “हाय, हितंच बसलीया,” म्हणाले. साठीच्या उंबऱ्यावरचा माणूस, आणि आवाज शाळेत पहिल्यांदा बसवलेल्या पोरासारखा.

बसस्टँडला जाण्याआधी मी स्टेशनवर गेलो, म्हाताऱ्याकडून फुटाणे घ्यायला. मला सकाळी तिथं बघून तो चकित झाला. दोन पुड्या मागितल्यावर त्यानं मान वर केली.

“आज दोन? आलं का वो तुमचं मानूस?”

“आलंय,” मी म्हणालो. “फर्दापूरला थांबलंय. त्यालाच आणायला चाललोय.”